ॲम्प्लिफायरवरची म्हैस

लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची इलेक्ट्रिक गिटार घरी राहिली. हॉस्टेलच्या खोलीत तीन मुली आणि दोन कपाटं, गिटारला जागा नव्हती. रामदासपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती दिवाणाच्या मागे भिंतीला टेकून उभी असायची. चार-सहा महिने मी तिच्यावरची धूळ झटकत राहिले. मग एका दुपारी खालच्या दवाखान्यातून जेवायला वर आले, तर सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसलेल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर कमरेला खोचलेला, आणि समोर डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर कुणी एक बाई हिंदीतून बोटं कुठं ठेवायची ते सांगत होती.

माझं तोंड पाहून सासूबाई म्हणाल्या, “काहून वं, अशी काय पाहून राहिली? सहाच तर धागे आहेत. माहेरी मी मागावर हजार हजार धागे सांधत होती.”

त्यांचं माहेर उमरेडचं. वडिलांच्या घरी हातमाग होता, आणि उभ्या ताण्यातला तुटलेला धागा शोधून सांधायचं काम लग्न होईपर्यंत त्यांच्याकडे होतं. आज वय एकाहत्तर, पण बोटं तशीच आहेत. मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे आखडलेले सांधे सोडवते. इतकी मोकळी बोटं मी तिशीतल्या माणसांचीही फारशी पाहिलेली नाहीत. त्यामुळे मी पोळ्या गरम करायला गेले.

अडचण पुढे आली. ॲम्प्लिफायरशिवाय इलेक्ट्रिक गिटार वाजते ती परातीवर चमचा घासल्यासारखी. आणि सासूबाईंना एका कानानं जरा कमी ऐकू येतं. “बोटं बरोबर पडून राहिले का चुकून राहिले, हे मले कसं समजन?” असं त्या रोज विचारू लागल्या. नवरा नोकरीनिमित्त बिलासपूरला असतो, त्यानं फोनवर “नवा घेऊन टाक” एवढं सांगून हात झटकले. सासूबाईंना नवा नको होता. नवी वस्तू शिकाऊ माणसानं वापरू नये, असं त्यांचं मत होतं. शेवटी मानेच्या दुखण्यासाठी येणाऱ्या एका पेशंटनं सांगितलं, खाप्याला एक गृहस्थ आहेत, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, त्यांना जुना ॲम्प्लिफायर काढायचा आहे.

आम्ही दोघी गाडी काढून खाप्याला गेलो. गृहस्थ साठीच्या पुढचे, उंच, केस नीट विंचरलेले. त्यांनी पुढच्या खोलीतल्या स्टुलावर ॲम्प्लिफायर मांडून ठेवला होता, मुलगी दाखवायला बसवतात तसा. लहान पेटीएवढा, काळ्या रेक्झिनचा, पण काळा रंग कुठं कुठंच दिसत होता. वर हळद, कुंकू, उदबत्तीची काजळी आणि कसला तरी चिकट तपकिरी थर. दर दसऱ्याला त्याची पूजा झाली होती आणि एकाही दसऱ्यानंतर तो पुसला गेला नव्हता.

मी खाली वाकून आवाजाच्या बटणाकडे पाहिलं. कंपनीनं छापलेले इंग्रजी आकडे अंगठ्यानं घासून केव्हाच गेले होते. त्यांच्या जागी, बटणाभोवती गोलाकार, मुंगीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत काही लिहिलेलं होतं. चष्मा लावून वाचलं. सुरुवातीला ‘आई’. मग जरा पुढे ‘वहिनी’. मग ‘म्हैस’. मग ‘गुरुजी’. आणि पार टोकाला ‘पोलीस’.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“शेजारी आहेत जी,” गृहस्थ म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ते घरीच रियाज करायचे. गल्लीत रोज भांडण. वहिनी म्हणजे समोरच्या घरातली बाई, ती एकदा लाटणं घेऊन आली होती. तेव्हा त्यांनी तोडगा काढला. एका रविवारी सगळ्यांना आपापल्या घरात दार लावून बसायला सांगितलं आणि यांनी बटण हळूहळू फिरवत नेलं. ज्याला सहन होईना त्यानं दार उघडायचं. “ज्याचं दार जिथसा उघडलं, तिथसा मी त्याचं नाव लिहिलं. तवापासून गल्लीत भांडण नाही. सकाळी आईच्या खुणेवर वाजवायचं. वहिनी बाजारात गेली का गुरुजीच्या खुणेपर्यंत.”

“आणि म्हैस?”

“वहिनीचीच. आवाज त्या खुणेच्या वर गेला का पान्हा चोरे. ती मागून आली, म्हणून तिची खूण नंतर केली.”

“आणि पोलीस आले होते?”

“नाही जी. तो अंदाज आहे.”

व्यवहार दोन मिनिटांत झाला. पण ॲम्प्लिफायर उचलायच्या आधी त्यांनी आम्हाला थांबवलं. “साफ करा, खुशाल करा. माझ्याच्यानं नाही झालं. पण खुणा पुसू नका. आई तर आता नाही, गुरुजीही गेले. या पेटीवर हात ठेवून सांगा.”

सासूबाईंनी लगेच हात ठेवला. “एकही नाही पुसणार, भाऊ.”

वचन सासूबाईंनी दिलं आणि साफसफाई मला करायची होती, हे माझ्या डोक्यात सावनेर मागे पडल्यावर आलं.

रविवारी दवाखाना बंद असतो. मी तपासणीच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली, वर ॲम्प्लिफायर ठेवला आणि डोक्यावरचा मोठा दिवा लावला. दोन दिवस मोबाइलवर यातलं बरंच पाहून ठेवलं होतं. वायर काढून ठेवायची. मागचं झाकण उघडायचं नाही, कारण बंद केल्यावरही आत करंट साठून राहतो. पाणी कधीही थेट ओतायचं नाही, फडक्याला लावायचं, आणि फडकं पिळून इतकं कोरडं करायचं की गालाला लावलं तर फक्त गार लागावं. छापील किंवा हातानं लिहिलेल्या अक्षरांवर थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, स्पिरिट, काही नाही. आधी कोरडा ब्रश, मग ओलसर फडकं, मग फार तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. आणि कुठलीही गोष्ट आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहायची.

हे सगळं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे तर पैठणी धुतात तसंच झालं,” आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. त्या स्वतः काही करणार नव्हत्या. वचन दिलेल्या माणसानं देखरेख करायची असते.

पहिल्या दिवशी आधी मऊ ब्रश फिरवला. फटींतून सुपारीचा चुरा निघाला, चुन्याचे कण निघाले, इतका खर्रा की कुणाला पुडी बांधून देता आली असती. स्पीकरच्या जाळीतून अक्षता म्हणून वाहिलेले तांदळाचे दाणे निघाले, ते सासूबाईंनी वेगळ्या वाटीत ठेवले. बाजूला काटोलच्या संत्र्यांच्या पेटीवर चिकटवतात तसलं एक लेबल होतं, त्यावर संत्रं आणि अर्धं ‘काटो’. हे काढायचं की ठेवायचं?

इथं पहिला पेच पडला. खूण कशाला म्हणायचं आणि घाण कशाला, हे ठरवणार कोण? मी खाप्याला फोन लावला.

“संत्र्याचं लेबल?” गृहस्थ विचार करून म्हणाले. “ते काढा. ते फाटलेल्या जागेवर लावलं होतं, पण काढा.”

“वरच्या बाजूला तपकिरी डाग आहे.”

“चहाचा. पुसा.”

“त्याच्या बाजूला एक गोल आहे, तोही चहाचाच दिसतो.”

“थांबा थांबा! तो गोल ठेवा जी. ती कप ठेवायची जागा हाये.”

मी तो गोल ठेवला. वरच्या बाजूचा बाकी सगळा भाग चकचकीत झाला आणि मधोमध कपाचा तपकिरी गोल राहिला, सभोवती पेन्सिलनं आखून घेतल्यासारखा. कुंकवाचं स्वस्तिक पुसायला सासूबाईंनी मनाई केली. त्यांच्या म्हणण्यानुसार ती खूणही नव्हती आणि घाणही नव्हती. मग स्वस्तिकाच्या चार टोकांमधली काजळी मी कान साफ करायच्या काडीनं काढली. त्याला पाऊण तास लागला. त्या दिवसापासून गृहस्थांचा रोज फोन येऊ लागला. ते कधी ‘ॲम्प्लिफायर कसा आहे’ असं विचारत नसत. “आई बरी आहे?” असं विचारत. मग “वहिनी?” मग “म्हैस?” मी प्रत्येकाचं उत्तर देत असे. एकदा बाहेर बाकावर बसलेल्या पेशंट बाईंनी हे सगळं ऐकलं आणि आत आल्यावर अतिशय हळुवारपणे विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन पेशंटांच्या मध्ये मिळेल तेवढं काम केलं. बटणाखाली जाडसर दोरा गुंडाळून हळूच ओढलं की बटण सरळ वर निघतं, हेही मोबाइलवरच कळलं होतं. बटणं साबणाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशनं घासली, फॅनखाली वाळवली. मग बटणाभोवतीची ती मुंगीएवढी अक्षरं. तिथं मी श्वास रोखून काम केलं. काडी ओलसर करायची, अक्षराच्या बाहेरूनच फिरवायची, एक वळण झालं की काडी फेकायची. ‘आई’ स्वच्छ झाली. ‘वहिनी’ झाली. ‘गुरुजी’मधल्या पहिल्या उकारापाशी हळदीचा खडा बसला होता, तो लाकडी टूथपिकनं निघाला. ‘पोलीस’वर काही नव्हतंच, तिथपर्यंत कुणी बटण नेलेलं नसावं.

राहिली म्हैस. तिच्यावर शेंदराचा तेलकट थर होता. चौथ्या दिवशी दुपारी मी दिवा जवळ ओढला, काडी घेतली, आणि तेवढ्यात रिसेप्शनचा फोन वाजला. फोन खांद्यात धरून मी एका पेशंटला वेळ दिली, आणि तोवर माझ्या उजव्या हातानं डाव्या बाजूच्या बाटलीतून कापसाचा बोळा भिजवून घेऊन ती जागा पुसली. वीस वर्षं मी कुणाच्याही अंगाला मशीनचे पॅड लावण्याआधी अशीच जागा पुसत आले आहे. हाताला विचारायची गरज पडत नाही. फोन ठेवला तेव्हा खोलीत स्पिरिटचा वास होता, बोळा पांढरट-केशरी झाला होता आणि म्हैस नव्हती.

नंतर कळलं, बाकीची अक्षरं ऑइलपेंटची होती. म्हैस मागून आली म्हणून ती तेवढी मार्करनं लिहिलेली होती.

सासूबाई खुर्चीतून उठल्या, वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या, “अव माय!” मला एखाद्या पेशंटचा चुकीचा पाय ओढल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. मीच फोन लावला.

“म्हैस गेली,” मी म्हणाले.

मग गृहस्थ म्हणाले, “कोणं सांगतलं तुम्हाले? मी आत्ता तिच्या समोरूनच आलो, कडबा खाऊन राहिली होती.”

“ती म्हैस नाही. आमची. बटणावरची.”

“अच्छा, आपली म्हैस,” ते म्हणाले, आणि आवाजातली काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. “पूर्णच गेली?”

“पूर्ण. पण मी आधी फोटो काढून ठेवलेला आहे. बारीक ब्रश आणते, त्याच जागेवर अगदी तशीच लिहिते. कळणारसुद्धा नाही.”

“मॅडम,” ते शांतपणे म्हणाले, “फोटोवरून लिहाल ते अक्षर होईन. ते माप नाही होणार. माप घ्यायचं तर म्हशीले विचारावं लागते.”

फोन स्पीकरवर होता. मला वाटलं, सासूबाई माझ्या बाजूनं बोलतील. त्या फोनकडे वाकून म्हणाल्या, “खरं आहे, भाऊ. मापाबिगर काठ नाही बसत.”

अशा रीतीनं पुढच्या रविवारी मी एकाहत्तर वर्षांची बाई, एक इलेक्ट्रिक गिटार आणि स्वच्छ केलेला ॲम्प्लिफायर घेऊन एका म्हशीला प्रश्न विचारायला निघाले. ॲम्प्लिफायर मागच्या सीटवर, पट्टा लावून. कपाचा गोल पुसला जाऊ नये म्हणून त्यावर सासूबाईंनी पेपरची घडी ठेवली होती.

खाप्याला पोचलो तेव्हा गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी वायर ओढून वहिनींच्या अंगणापर्यंत आणून ठेवली होती. वहिनी पासष्टीच्या, ठसठशीत बाई. त्यांनी एक अडचण आधीच सांगून टाकली. “हे पाहा बाई, ज्या म्हशीची ती खूण होती, ती मरून जमाना झाला. ही तिची पोरगी.”

यावर तिघांमध्ये चर्चा झाली. पोरीचा कान आईसारखा असेल का? गृहस्थ म्हणाले, रक्त तेच आहे. सासूबाई म्हणाल्या, खुंटाही तोच आहे. वहिनी म्हणाल्या, दूध मात्र आईपेक्षा कमी देते. मी म्हणाले, आपण घरी जाऊ या का. कुणी ऐकलं नाही.

दूध काढायची वेळ झाली. वहिनी बादली घेऊन बसल्या. सासूबाईंना प्लास्टिकची खुर्ची दिली होती. त्यांना तोवर एकच गोष्ट वाजवता येत होती, एका आरतीची सुरुवात, तीही अर्धी. ती त्यांनी सुरू केली. गृहस्थ गुडघ्यावर बसले आणि बटण फिरवायला लागले. मला एका कागदावर नोंद ठेवायचं काम दिलं होतं.

‘आई’च्या खुणेवर काही झालं नाही. दुधाच्या धारा बादलीत वाजत होत्या.

‘वहिनी’च्या खुणेवर वहिनी उठल्या. बादली तशीच ठेवली, अंगण ओलांडून घरात गेल्या, आतून दार लावून घेतलं, मग दार उघडलं आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणाल्या, “बस झालं!” मग परत येऊन दूध काढायला बसल्या. गृहस्थांनी माझ्याकडे समाधानानं पाहिलं. “पाहा जी. इतक्या वर्षांनीही केसभर फरक नाही.”

मी कागदावर ‘वहिनी – बरोबर’ असं लिहिलं.

मग म्हशीची जागा आली. म्हणजे जिथं ती पूर्वी होती ती पुसलेली जागा. म्हैस रवंथ करत होती. बटण पुढे गेलं. ‘गुरुजी’ आले, आता त्या घराला कुलूप आहे. म्हैस रवंथ करत होती. धारा उलट जास्तच जोरात पडू लागल्या. आरतीची अर्धी ओळ आता गल्लीतल्या पत्र्यांवर आदळून परत येत होती. शेळ्या पळाल्या, कुठून कुठून लोक येऊन कुंपणाशी उभे राहिले. बटण ‘पोलीस’वर गेलं. ॲम्प्लिफायर थरथरत होता. म्हशीनं एकदा मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं आणि डोळे अर्धे मिटून घेतले.

“हिले काहीच नाही होऊन राहिलं,” गृहस्थ हताश होऊन म्हणाले, आणि त्यांनी आवाज एकदम बंद केला.

त्याच क्षणी दूध थांबलं.

वहिनींनी ओढलं, पुन्हा ओढलं. थेंब नाही. म्हशीनं पाय झटकला. “चालू करा जी!” वहिनी ओरडल्या. गृहस्थांनी बटण फिरवलं, सासूबाईंनी ओळ धरली आणि धार पुन्हा लागली. खात्री करण्यासाठी आम्ही हे आणखी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच. मग कुणाची थांबवायची हिंमत होईना. बादली भरेपर्यंत सासूबाईंनी ती अर्धी ओळ न थांबता वाजवली, कपाळावर घाम, बोटं लाल, पण चेहऱ्यावर असा आनंद की मी तो त्यांच्या पंचाहत्तरीलाही पाहीन की नाही, कुणास ठाऊक. कुंपणापाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मान खाली घालून वाजवणं चालू ठेवलं.

खूण कुठं करायची, ते गृहस्थांनीच ठरवलं. मग घरातून ऑइलपेंटची छोटी डबी आणि बारीक कुंचला घेऊन आले. अंगणात बसून त्यांनी बटणाच्या शून्यावर, जिथं आवाज बंद होतो त्या जागी, ‘म्हैस’ लिहिलं. “इतक्या खाली तिले सहन नाही होत,” ते म्हणाले. मला त्यात एकही चूक काढता आली नाही.

लिहिताना मी त्यांचा हात पाहिला. ते डाव्या हातानं लिहीत होते आणि अक्षर लहान मुलासारखं येत होतं. उजवा हात मांडीवर होता, अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वळलेल्या, बाकीची बोटंही आखडलेली. मी न विचारताच तो हात हातात घेतला, सवयच ती. बोटं सरळ करून पाहिली, होत नव्हती. “किती दिवस झाले?” मी विचारलं. ते म्हणाले, दोन दिवाळ्या झाल्या. डॉक्टरनं व्यायाम सांगितले होते, पण घरी कोण करतं. मी म्हणाले, गुरुवारी नागपूरला या.

घरी परतलो तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला वहिनींचा फोन. म्हैस दूध देत नव्हती. सासूबाईंनी ॲम्प्लिफायर लावला, मी मोबाइल स्पीकरसमोर धरला, खाप्याला वहिनींनी त्यांचा मोबाइल म्हशीच्या कानाशी धरला, आणि नागपूरहून आरतीची अर्धी ओळ गेली. दूध आलं. असं अकरा दिवस चाललं. मी पाच ते सव्वापाचची वेळ पेशंटना देणं बंद केलं. खालच्या मजल्यावरच्या एका काकांनी एकदा वर येऊन कुरबुर केली, “हे रोज काहून?” सासूबाईंनी खरं कारण सांगितलं. काका परत गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

बाराव्या दिवशी सासूबाई ओळीचा उरलेला अर्धा भाग शिकल्या. त्या दिवशी त्यांनी मोठ्या उमेदीनं आख्खी ओळ वाजवली आणि म्हशीनं बादलीला लाथ मारली. त्यानंतर वहिनींनी फोन करणं सोडून दिलं. आठवड्याभरात म्हैस तिची तीच पान्हवू लागली, असं कळलं. सासूबाईंना त्याचं दोन दिवस वाईट वाटलं, मग त्या दुसऱ्या आरतीला लागल्या.

गृहस्थ दर गुरुवारी एसटीनं येत राहिले. मी त्यांची बोटं गरम मेणाच्या भांड्यात बुडवायची, सोडवायची, रबराचा चेंडू दाबायला लावायची. तीन-चार महिन्यांत बाटलीचं झाकण फिरवता येऊ लागलं, शर्टाचं बटण लागू लागलं. व्यायाम करता करता वरून सासूबाईंचं वाजवणं ऐकू येई. चुकलं की ते डोळे मिटून “एक बोट खाली” असं पुटपुटत. वर ते कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

एका गुरुवारी चेंडू खाली ठेवून त्यांनी विचारलं, “मॅडम, खरं सांगा. गिटार वाजवण्यापुरती येतीन का ही बोटं?”

मी खोटं बोलत नाही. “रोजच्या कामापुरती येतील. गिटारपुरती नाही येणार,” मी म्हणाले.

त्यांनी हात उलटा-सुलटा करून पाहिला. “बरं झालं,” ते म्हणाले. “नाही तर तुमच्या सासूबाईले पेटी वापस मागा लागली असती. मले नसतं जमलं ते.”

मग आम्ही आणखी दहा मिनिटं व्यायाम केला. ते गेल्यावर मी मेणाचं भांडं बंद केलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.